धाकट्याला चौथी डिस्क

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा ध्वनिमुद्रणाचा, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं नाही. धाकट्या भावाने उगाच आशा धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलीला.

२. माईक, मिक्सर, हेडफोन माझ्या मदतनीस बाईंना. मशीनला हात लावण्याआधी त्या विचारतात. हा गुण आमच्या घराण्यात नाही.

३. माझी बायको एकोणीस वर्षं अंधशाळेसाठी गोष्टी वाचत होती. ते सगळं दोन डिस्कवर होतं, एकीचं दुसरीवर जसंच्या तसं. बायको गेली. पुढे मी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलो, तेवढ्यात धाकट्याने सगळं उतरवून घेतलं, दोन्ही डिस्क एकत्र जोडायची ‘रेड झिरो’ पद्धत लावली, परत भरलं आणि उतरवलेलं पुसूनही टाकलं! वर म्हणतो, "दादा, जागा दुप्पट झाली बघ." अरे गाढवा, झिरोमध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात. एक गेली की सगळं गेलं. अकराव्या दिवशी गेली.

त्यानंतर हा नातेवाइकांत सांगत सुटला, "दादानेच बॅकअप ठेवला नव्हता." नव्हता ठेवला, खरं आहे. ते मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि त्यालाही करणार नाही. याला माझ्या बायकोने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, म्हणून तर जास्त चीड येते.

४. अंधशाळेत जुन्या कॅसेटवर एकतीस गोष्टी सापडल्या. त्या चार डिस्कच्या पेटीत, रेड फाइव्ह लावून ठेवल्या आहेत. वेगळा बॅकअप मुलीच्या कपाटात आहे. उशिरा का होईना, शिकलो. धाकट्याला सुगावा लागताच वकिलाची नोटीस आली: "वहिनीच्या आवाजात माझाही समान हिस्सा आहे."

शेजारचे दंतवैद्य म्हणाले, "काका, देऊन टाका ना. कशाला मनात ठेवता?"

देतो. पेटी आणि तीन डिस्क मुलीला, चौथी डिस्क धाकट्याला. अगदी समान हिस्सा. तिच्यात प्रत्येक गोष्टीचे तुकडे आहेत. नुसत्या तिच्यावरून एक वाक्यही धड ऐकू येणार नाही. रेड फाइव्हमध्ये मात्र चारांतली एक नसली तरी उरलेल्या तिघी तिचं भरून काढतात. काल मी त्याची डिस्क काढून एकतीसच्या एकतीस गोष्टी लावल्या. बायको कुठेही अडखळली नाही.

स्थळ : माझी कामाची खोली
दिनांक : ३ ऑगस्ट
सही : लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. शेजारचे दंतवैद्य
२. अंधशाळेच्या मुख्याध्यापिका