बैठकीच्या खोलीत उतरवलेलं इंजिन

पहिला आला तो मुलगा. जोडे न काढताच इंजिनासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे घरात आलं म्हणजे माझं झालं." मागोमाग मुलगी आली, तिने ते ऐकलं, आणि दोघं अशी भांडली की शेजारची शिंपीण हातातली सुई घेऊनच धावत आली. म्हणून मी मृत्युपत्र पुन्हा लिहायला बसले आहे.

मी, खाली सही करणारी, चौथीपर्यंत शिकलेली, लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. त्यात गोंधळ बराच आहे, पण तो माझा स्वतःचा आहे, कोणी दमदाटी करून घातलेला नाही. आधीचा कागद रद्द समजावा.

त्या कागदात मी एका ओळीत काम उरकलं होतं. घरातलं सगळं मुलाचं, गॅरेजातलं सगळं मुलीचं. गॅरेजात आमच्या ह्यांची जुनी स्पोर्ट्स कार, दोनच सीटची. तिचं तेल गळायला लागलं. मिस्त्रींनी इंजिन उतरवलं आणि गॅरेजाचं छप्पर ठिबकतं म्हणून बैठकीत आणून ठेवलं. आता वकील फोनवर म्हणतात, इंजिन घरात आणि गाडी गॅरेजात, म्हणजे वाटणी झाली की! मला काही उमजेना. मी कधी केली वाटणी?

"एकट्या इंजिनालाही गिऱ्हाईक आहे," मुलगा म्हणाला.

"आणि मी काय बिनइंजिनाची गाडी ढकलत बसू?" मुलगी म्हणाली. "लहानपणीही बाबांच्या शेजारची सीट तूच बळकावायचास."

कलम पहिलं. इंजिन आणि गाडी ही एकच वस्तू, तिचे तुकडे कुठेही पडलेले असोत. एक डबा स्वयंपाकघरातही आहे, त्यात नट आहेत, साखर नाही. ही वस्तू दोघांची मिळून. जो विकायची भाषा करेल, त्याचा वाटा दुसऱ्याचा.

कलम दुसरं, वरच्या कामांचं. तेल गळत होतं म्हणून मागचं सील बदलायचं, एवढंच ठरलं होतं. मिस्त्री म्हणाले, "आजी, इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेटही घालून घेऊ." मग पाण्याचा पंप, सगळे रबरी पाइप, इंजिन ज्यावर बसतं ती रबरं. मी म्हटलं, "अहो, पंपाला काय झालंय?" तर म्हणाले, "आज काही नाही. उद्या झालं तर तिथे हात पोहोचत नाही." कळलं नाही, पण पटलं. ही सगळी कामं व्हावीत, मी असो नसो.

कलम तिसरं. कागद उघडाच आहे तर मीही बाकीचं बघून घेते. घर मुलाचं. बँकेतली शिल्लक मुलीची. ह्यांचे पाने आणि जॅक नातीला, कारण तेवढी एकटीच ते पुसून जागेवर ठेवते.

कलम चौथं. काढलेली जुनी क्लच प्लेट माझ्या नणंदेला. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीला ह्यांच्या शेजारी ती जाऊन बसली आणि मी फाटकात उभी राहून हात हलवला. प्लेट पार झिजली आहे, पण तिच्यासारखी बोलत तरी नाही.

कलम पाचवं, हे नीट वाचावं. इंजिन बसवताना मिस्त्री साखळी धरतात, आणि दोन्ही बाजूंनी एकेक माणूस लागतो. एकमेकांकडे लक्ष नसेल तर बोटं चेंगरतात. मिस्त्री स्वतःची माणसं आणणार होते, मी नको म्हटलं. माझीच दोन उभी राहतील. हे गेल्यापासून ती दोघं एका वेळी या खोलीत बसली नव्हती. आज इंजिनाच्या दोन बाजूंना बसून, तोंडं फिरवून का होईना, चहा पिऊन गेली. मला इतका आनंद झाला की मी दोनदा साखर घातली, तरी दोघांनी कप रिकामे केले. मी मध्येच गेले तर आधी इंजिन बसवावं, मग मला न्यावं.

साक्षीदार: मिस्त्री (त्यांना काही दिलेलं नाही, साक्षीदाराला दिलं तर भानगड होते म्हणे) आणि शेजारची शिंपीण, दोघांच्या सह्या.

सही: आई, आजी, जो जशी हाक मारेल तशी.

स्थळ: बैठकीची खोली, इंजिनाशेजारची खुर्ची. वार बुधवार. मुलगा आणि मुलगी, दोघंही, रविवारी सकाळी येतो म्हणाली आहेत.