मुहूर्ताचा लाल दोरा

बनशंकरी, बेंगळुरू
८ सप्टेंबर २०२४

ती. आसावरीअक्कास,
प्रणीतचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र तेराव्या दिवशी पोचले. तू रोज फोन करतेस हे खरे, पण आईचे बोलून झाल्यावर फोन माझ्या हाती येतो तेव्हा तुझी जांभई ऐकू येते, आणि मला तर चार वाक्ये जुळवायलाच वेळ लागतो. शिवाय नववीत शाळा सोडली तेव्हा रोज एक पान लिहून दाखवायची शिक्षा तूच लावली होतीस. ती अजून चालू आहे असे समज. चुका असतील तर खुणा करून परत पाठव.

तुझी बातमी दोनदा वाचली. मला समजले ते असे : वीस नोव्हेंबरला मुलांचे पालक वर्गात मागे उभे राहून तुझा तास बघणार, आणि त्यानंतर मुख्याध्यापक ठरवणार की फेब्रुवारीनंतर तुला ठेवायचे की नाही. बरोबर ना? आणि दोन आयांनी आधीच विचारले आहे की इंग्रजी शिकवायला भारतातली बाई कशाला आणली. आई म्हणते, नको म्हणाले तर बरेच झाले, घरी येईल. मल्हारमामा म्हणाले की त्या बायकांना आपल्या बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडवर आणून उभे करा, पाच भाषांत भांडण ऐकवतो. मला मात्र दोघांचेही पटले नाही. तिकडे जाण्यासाठी तू दोन वर्षे कशी काढलीस ते मी पाहिले आहे.

एक सुचले आहे. मामांच्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशाचे राखाडी कापड उरले आहे. तुझ्या एकोणीस मुलांसाठी पेन्सिली ठेवायच्या पिशव्या शिवतो, प्रत्येकीवर त्या त्या मुलाचे नाव, त्यांच्याच लिपीत, हाताने भरून. नावे मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. मामांना विचारले. ते नुसते सरी म्हणाले, म्हणजे चालेल.

लोभ आहेच, तो स्वल्प वाढव.
तुझा,
प्रणीत


योंगजू, दक्षिण कोरिया
२२ सप्टेंबर २०२४

चि. प्रणीत यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

खुणा करायला एकही चूक सापडली नाही, त्यामुळे माझी फार निराशा झाली. तुला सगळं बरोबर समजलं आहे. मुख्याध्यापक वाईट नाहीत, रोज सकाळी फाटकाशी उभं राहून प्रत्येक मुलाला वाकून नमस्कार करतात. पण पालक काय म्हणतील याची त्यांना धास्ती आहे. शेजारच्या गावातल्या शाळेत कॅनडाचा एक उंच माणूस आला आहे. माझी उंची तुला ठाऊक आहे.

माझा दिवस विचारलास तर दारातच बूट काढून चपला चढवायच्या, चार तास घ्यायचे, आणि दुपारी मुलांबरोबरच स्टीलच्या खणाच्या ताटात जेवायचं. ताट बघितलं की बनशंकरीचं दर्शिनी हॉटेल आठवतं, फक्त मी मासा आहे का, मासा आहे का, असं विचारत पुढे सरकते. जेवण झाल्यावर सगळे शिक्षक रांगेनं उभे राहून दात घासतात. मुख्याध्यापकांच्या शेजारी उभं राहून दात घासायची सवय मला अजून झालेली नाही.

शनिवारी माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या युनबाई डोंगरावर नेतात. इथे टेकडीसुद्धा काठ्या, टोपी, हातमोजे असा सगळा सरंजाम करून चढतात. मी पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून गेले, आणि वर भेटलेल्या तीन आजीबाईंनी कीव येऊन मला काकड्या दिल्या. रविवारी कपडे धुते, बाजारातून कोबी आणते, आणि तुम्हा दोघांची आठवण येते म्हणून जास्तच तिखट करते.

पिशव्यांची कल्पना वाचून मला भरून आलं. नावं सोबतच्या कागदावर आहेत. आणि मी निघताना दिलेला दहावीचा फॉर्म कुठे आहे? बाहेरून परीक्षा देता येते, हे मी तुला चौथ्यांदा सांगते आहे.

आईला नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे, रागही आहे, दोन्ही जपून ठेव.
आसावरी


बनशंकरी
१७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज पार्सल टाकले. पोस्टातल्या बाईंनी पत्ता माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मी त्यांना तिसऱ्यांदा वाचून दाखवला.

नावे भरण्याआधी आठ दिवस ती अक्षरे नुसती गिरवली. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हे फोनवर बघून शिकलो. एकोणीस नावे तुझ्या कागदाशी तीनदा ताडून पाहिली. सोयुन नावाच्या मुलीचे एक वर्तुळ मला जरा चेपलेले वाटले, म्हणून ते उसवून पुन्हा केले.

उशीर झाला तो मामांमुळे. आपल्या दुकानाची रीत तुला माहीतच आहे. खंडेनवमीला मशीन, कात्री, सुया सगळ्यांची पूजा, आणि दसऱ्याला मुहूर्ताचा दोरा लाल. ते रीळ संपेपर्यंत दुसरे फोडायचे नाही. मामा म्हणाले, पोरीचे एवढे मोठे काम आहे, नावे मुहूर्ताच्या दोऱ्यानेच भर, कुंकवासारखे शुभ. मलाही ते पटले. राखाडी कापडावर लाल साखळी टाका फार उठून दिसतो. पूजेच्या दिवशी आईने कोऱ्या पिशव्या देवापुढेही ठेवल्या होत्या.

फॉर्म बटणांच्या खणात आहे, सुरक्षित आहे.

पार्सल पोचल्याचे कळव म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.
तुझा,
प्रणीत


योंगजू
३० ऑक्टोबर २०२४

चि. प्रणीत यास अनेक आशीर्वाद.

या पत्राचा फोटो काढून फोनवर पाठवते आहे, कारण टपालाइतका वेळ हाताशी नाही. फोनवर बोलले असते, पण तू मध्येच गप्प झालास तर मला पुढचं सांगता आलं नसतं. शांतपणे, शेवटपर्यंत वाच.

पिशव्या सोमवारी मिळाल्या. इतक्या सुंदर झाल्या आहेत की मी दुसऱ्याच दिवशी वर्गात वाटल्या. मुलांनी दोन्ही हातांनी घेतल्या, वाकून आभार मानले, आणि एकेकानं पिशवी बाकावर पालथी ठेवली. नाव खाली. मला वाटलं लाजताहेत. मग सोयुन उठून युनबाईंकडे गेली आणि हळूच विचारू लागली की ती आता मरणार आहे का.

प्रणीत, इथे मेलेल्या माणसाचं नाव लाल रंगात लिहितात. जिवंत माणसाचं नाव लाल रंगात कोणीच लिहीत नाही. युनबाई म्हणाल्या की आजकालची माणसं यावर हसतात, पण स्वतःचं नाव तसं बघायला कोणालाच आवडत नाही, आणि घरातल्या आज्या तर हसतसुद्धा नाहीत. सोयुन आजीजवळच राहते. ती आजी वीस तारखेला येणार आहे.

यात तुझी चूक नाही. वर्षभर इथे राहून मला माहीत नव्हतं, तर तुला कुठून असणार. पिशव्या मी परत गोळा करून कपाटात ठेवल्या आहेत. पण घरोघरी बातमी पोचली असेलच, म्हणून वीस तारखेला काहीच न करता रिकाम्या हातानं पालकांसमोर उभं राहायची मला भीती वाटते. तू सांग, दोरा उसवता येईल का? काळ्यानं पुन्हा भरता येईल? माझा शिवणाचा हात कसा आहे ते तू जाणतोस, सातवीतला रुमाल आईनं अजून कोणाला दाखवलेला नाही.

आईला यातलं काही बोलू नकोस.
तुझी,
अक्का


बनशंकरी
२ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस सुई धरली नाही. सोयुनचे वर्तुळ मी पुन्हा उसवून नीट केले होते, तेच सारखे आठवत राहिले. आईला सांगितले नाही, पण तिने ओळखले आणि मला अजीर्ण झाले असे ठरवून ओवा दिला. शेवटी मामांना सांगितले. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, आपला मुहूर्त आपल्या दुकानात, दुसऱ्याच्या घरी जाताना त्यांचा विचारायला हवा होता, ती चूक माझी. ते असे बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

आता कामाचे. उसवू नकोस. टाके निघतील, पण सुईची भोके राहतील आणि नाव तसेच दिसत राहील. काळ्याऐवजी लालावर निळा दोरा गुंडाळायचा. साखळीच्या प्रत्येक कडीखालून सुई घालायची, वरून आणायची, पुढच्या कडीखालून पुन्हा घालायची. नेहमी एकाच बाजूने. कापडाला टोचायचे नाही. त्यासाठी सुई उलटी धर, नेढे पुढे आणि टोक मागे, म्हणजे बोटालाही टोचत नाही. दोरा हळू ओढायचा, नाहीतर लाल आवळून नाव गोळा होते. दोरा हातभरच घ्यायचा. मामा म्हणतात, लांब दोरा घेणाऱ्याला लवकर घरी जायचे असते आणि तोच सगळ्यात उशिरा जातो.

हे तुला जमेल का याची मला शंका आहे, रागावू नकोस. पण मुलांना नक्की जमेल. मी हे शिकलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि शाळेत मला काहीच जमत नव्हते. म्हणून वाटते की तू करू नकोस, त्यांच्याकडूनच करून घे. खाली, वर, हळू ओढ, एवढेच शब्द लागतात. ते इंग्रजीतही छोटेच असतील.

हे पत्र मीही फोटो काढूनच पाठवतो, मागच्या पानावर टाक्यांची चित्रे काढली आहेत. ती चारदा तपासली आहेत.

माझ्यामुळे तुझी नोकरी गेली तर मला सांग, लपवू नकोस.
प्रणीत


योंगजू
२४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणीत यास अनेक आशीर्वाद.

आधी तुला जे वाचायचं आहे ते : शुक्रवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि आणखी एक वर्ष राहाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. आता श्वास सोड आणि बाकीचं वाच.

तुझं पत्र युनबाईंना समजावून सांगितलं. त्या विचार करून म्हणाल्या की आधीचा पाठ बाजूला ठेवू, तुझ्या भावाचाच पाठ घेऊ. दोन आठवडे मुलं राखाडी चिंध्यांवर शिकली. तुझ्या चित्रांच्या प्रती भिंतीवर लावल्या. वीस तारखेला पालक आले तेव्हा त्यांना मागे उभं केलं नाही, मुलांच्या शेजारी बसवलं. मुलं शिक्षक आणि मोठी माणसं विद्यार्थी. बोलायचं फक्त इंग्रजीत. जिनं भारतातल्या बाईबद्दल विचारलं होतं त्या आईला तिची मुलगी तीनदा बजावत होती की हळू ओढ, आणि ती बिचारी दर वेळी इंग्रजीतच माफी मागत होती.

सुरुवातीला मी उभं राहून सांगितलं की माझ्या घरी लाल हा कुंकवाचा रंग आहे, आणि माझ्या भावानं वर्षातला सगळ्यात शुभ दोरा तुमच्या मुलांसाठी वापरला. युनबाईंनी ते कोरियनमध्ये सांगितलं. सोयुनच्या आजीनं चष्मा चढवला, पिशवी उलटी केली आणि आतली बाजू बराच वेळ पाहिली. मग तिनं विचारलं की हे करणाऱ्याचं वय काय. मी तेवीस सांगितलं. ती म्हणाली, टाके साठीतल्या माणसाचे आहेत. आणि सुई हातात घेतली.

सगळी नावं आता निळी आहेत. उन्हात नीट धरलं तर आतून थोडं लाल दिसतं. मुलांना ते आता गुपितासारखं आवडतं.

सोबत एक कापड पाठवते आहे. मुलांनी शुक्रवारी केलं. दोरा कोणता वापरायचा ते त्यांनीच ठरवलं, युनबाईंनी दोनदा विचारलं की नक्की ना.

मामांना नमस्कार, आईला आता सगळं सांगून टाक. आणि फॉर्म.
लोभ इथून पाठवते आहे, कमी पडला तर कळव.
आसावरी


बनशंकरी
१५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कापड सोमवारी पोचले. माझे नाव त्यांच्या लिपीत, लाल दोऱ्याने. आधी मला काही वाचताच येईना, इतकी अक्षरे गिरवूनही.

आईने त्यावर कुंकवाचे बोट लावले आणि मग मला रागावली की अजीर्ण नव्हते तर ओवा का खाल्लास. तू आणखी एक वर्ष येणार नाहीस यावर ती दिवसभर भांडी आपटत होती. संध्याकाळी मात्र शेजारच्या श्यामलाअक्कांना सांगत होती की माझ्या मुलीला त्यांनी सोडलेच नाही.

फॉर्म बटणांच्या खणातून काढला. नाव काळ्या शाईनेच लिहावे असे छापले आहे. तसेच लिहिले, आणि बुधवारी नेऊन दिला. परीक्षेची भीती आहे तेवढीच आहे. पण नववीत माझ्याकडून कोणी काही शिकले नव्हते, आता एकोणीस जण शिकले, हे बसमध्ये सारखे मनात येत होते.

कापड दुकानात नेले. मामांनी सोयुनच्या आजीसारखीच आधी उलटी बाजू पाहिली. म्हणाले, तीन टाके सैल आहेत. मलाही ते दिसले होते, म्हणून मी सुई उचलली. मामांनी माझा हात धरला आणि राहू दे म्हणाले. आता कापड माझ्या मशीनच्या वर टांगले आहे. सैल टाके मला बसल्या जागेवरून दिसतात. मी ते तसेच ठेवले आहेत.

लोभ पुरेसा आहे, तरी पाठवत राहा.
तुझा,
प्रणीत