मखमलचं वजन

३ मार्च
आजपासून जुगार बंद. यापुढे फक्त संशोधन. जुन्या शर्यती कॉम्प्युटरवर चढवल्या: घोडा, जॉकी, वजन, निकाल. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन लादायचं, म्हणजे शर्यत बरोबरीची होते. हे वजन ठरवणारा तो हँडिकॅपर. त्याच्याकडे अनुभव आहे, माझ्याकडे डेटाबेस. बिचारा.

८ मार्च
बायकोने विचारलं, माझ्या गिऱ्हाइकांची मापं राहतील का रे त्यात? म्हटलं, हे गंभीर काम आहे.

११ मार्च
घोड्यांची नावं अक्षरक्रमाने लावली. आता कसं नीटनेटकं दिसतं. आणि लगेच सापडली: मखमल! प्रत्येक वेळी पहिल्या तिनात, तरी येत्या शनिवारच्या शर्यतीत पाठीवर सगळ्यांत कमी वजन. हँडिकॅपरला डुलकी लागली असणार.

१३ मार्च
मेहुणा म्हणतो, दाजी, ती एवढी पळत असती तर वजन लादलं नसतं का? पालथ्या घड्यावर पाणी. अहो, हाच तर शोध आहे.

१४ मार्च, शुक्रवार
बायकोने कापडाच्या कडा झटपट घालणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी वर्षभर शिवणातून साठवलेले पैसे कपाटात आहेत. मशीनवाला सोमवारी येणार. शनिवार सोमवारच्या आधी येतो. पैसे घेतले नाहीत, कामाला लावले. तिला सांगितलं नाही, सरप्राइज आहे. हात गार पडलेत. पंख्यामुळे.

१५ मार्च, दुपारी
रेसकोर्सवर. तिकीट खिशात. पुन्हा चाचपलं. आहे. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, कोणावर? मखमल म्हटल्यावर त्याने पुडीतले शेंगदाणे पुढे केले.

सुटले.

शर्यत संपली. मखमल अजून येतेय.

१६ मार्च
चूक सापडली. अक्षरक्रम लावला त्या दिवशी फक्त नावांचा रकाना हलला, बाकीचे जागच्या जागी राहिले. प्रत्येक घोडा दुसऱ्याचं कर्तृत्व मिरवत होता. मखमल खरं तर कायम शेवटून पहिली-दुसरी. म्हणजे पद्धत बिनचूक आहे, घोडे तेवढे चुकले. जेवताना बायकोला सांगणार होतो. पण ती मशीन कुठे ठेवायचं ते दाखवत होती.

१७ मार्च, सोमवार
मशीनवाला आला तेव्हा मी बाथरूममध्ये, नळ सोडून. कपाट उघडल्याचा आवाज. मग ती दारात म्हणाली, दादा, परत न्या, इतक्यात नाही जमायचं.
बाहेर आलो. खुलासा तयार होता, मुद्देसूद. तिने विचारलंच नाही. म्हणाली, कडा हाताने घालाव्या लागतील, ये, बस इथे. माझ्या हातून सुईत दोरा जाईना. माझ्याकडे न बघता तिने ओवून दिला.
संध्याकाळपर्यंत मी एका फ्रॉकची कड पुरी केली. तिने ती उजेडात धरून पाहिली, सगळी उसवली आणि सुई परत माझ्या हातात दिली.