पुलावरच्या तुकडीचं वाक्य

३ मार्च

चि. मास्तरास,
काकाचे अनेक आशीर्वाद. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी लिहिलेला तुझा धडा चष्मा पुसून पुसून तीनदा वाचला. नकाशा झकास! पण पुढं वाचताना डोक्यात तिडीक गेली. पुलावरची तुकडी घाबरून पळाली, शत्रूचे रणगाडे तिच्यामागं दलदलीत शिरून रुतले आणि तिथंच युद्ध फिरलं, असं लिहितोस? अरे गाढवा, त्या तुकडीत तुझा बाप होता! दादा झुरळाला घाबरायचा, पण पूल सोडणाऱ्यातला नव्हता. मागं हटायचा हुकूम होता त्यांना. रणगाडे दलदलीत ओढायचे, हाच तर डाव होता. ते वाक्य आधी काढ. सूनबाईला आशीर्वाद. तिचा खोकला कसा आहे?

तुझा काका

७ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि. खोकला बरा आहे. मी बरा नाही. लढाईनंतर सैन्यानं केलेल्या चौकशीच्या कागदांत हुकमाची नोंदच नाही, आणि पुराव्याशिवाय पुस्तकाची समिती ऐकत नाही. शुक्रवारी धडा छापायला जातोय. बाबा मरेपर्यंत सांगत राहिले, हुकूम आला होता म्हणून. आम्ही घरचेसुद्धा माना खाली घालून बसायचो. आणि तुम्हाला हे ठाऊक होतं? कसं? दर रविवारी आमच्याकडे चहा प्यायलात, तेव्हा तोंडाला कुलूप का होतं?
काकूंना नमस्कार. तुम्हालाही, रिवाज म्हणून.

आपला पुतण्या

१० मार्च

चि. मास्तरास,
चांगला झोडपलास. आमच्या मोठ्या साहेबांचा तो हुकूम मीच मोटारसायकलवरून नेला होता. चिठ्ठी वाचली की जाळायची आणि मी पोच म्हणून सही परत आणायची, अशी आमची रीत. सही आणली, साहेबांच्या हातात दिली. पण साहेबांच्याच ढिलाईनं आपल्या तोफा तासभर उशिरा पोचल्या. तुकडीतली निम्मी पोरं चिखलात गेली. हुकूम उघड झाला असता तर साहेब अडकले असते. म्हणून पोच गायब झाली. मला दरडावलं, आणि चौकशीत मी सांगितलं की मी पुलापर्यंत पोचलोच नाही. शेपूट घातली ती मी. दादाला सगळं ठाऊक होतं. त्या मेल्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही, वर चहात साखर विचारायचा!

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतोय. समितीपुढं सगळं बोलून सही करतो. पेन्शन बंद केली तर करू देत. घ्यायला येऊ नकोस, रस्ता माहीत आहे मला. लोभ मागायचं तोंड नाही. तेवढा छापखाना थांबव.

काका