आधी अंदाज, मग काटा

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान पकडतो. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, तेही पोटात घाल. थंडी मरणाची आहे, पेन धरवत नाही.

दुकानातला रविवार मात्र जोरात! आठवडाभर मी तराजू दुरुस्त करणारा, पण रविवारी दहाला बाकं बाहेर काढली की मी मास्तर. परवा सतरा जण आले होते. पारड्यात ग्लासभर पाणी ठेवलं, समोर वजनं टाकून काटा मधोमध आणला आणि विचारलं की ग्लासाला कुठेही न लावता पाण्यात नुसतं बोट बुडवलं, तर काटा हलेल का? तुझाच नियम, आधी अंदाज, मग काटा. सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. सोळा जण म्हणाले हलणार नाही. बोट बुडवलं आणि पारडं खाली! मग ज्यांचा अंदाज चुकला त्यांनी एकेक करून पितळी घंटा वाजवली. जो चुकला तोच काहीतरी शिकला, म्हणून मान त्याचा. अंदाज बरोबर आला तो एकट्या शंकेखोरांचा. हे आपले निवृत्त पोस्टमन. घंटा मिळाली नाही म्हणून तोंड पाडून बसले होते.

पण एक घोळ झाला. पारडं खाली गेलं ते ठरेना, काटा नुसता थरथरत राहिला. शंकेखोर सगळ्यांसमोर म्हणाले की तराजूवाल्याचाच तराजू बिघडलाय. नाकच कापलं गं माझं! तीन वेळा उघडला, दांडी जिच्यावर डुलते ती खालची धार घासली, पुन्हा बसवली. तरी बोट बुडवलं की थरथर आहेच. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलीस, तुला काही सुचतं का?

लोभ पूर्ण वजनाचा असू दे.
तुझा
काटेवाला

१२ जानेवारी

चि. काटेवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन वेळा उघडलास? लहानपणी घड्याळ उघडलं होतंस, तेव्हाही दोन स्क्रू जास्तच उरले होते. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची चौकशी तू केली नाहीस, तरी सांगून टाकते.

तराजू पुन्हा उघडू नकोस. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुला मी किती वेळा शिकवलं! तराजू तोच, ग्लास तोच, पाणी तेवढंच. फक्त बोट बदल. वहिनीला म्हणावं, जरा बोट बुडव. काय होतं ते मला लगेच कळव.

आणि हे घरातल्या घरात कर. रविवारी लोकांपुढे करू नकोस. ऐकशील ना रे? थोरली आहे म्हणून सांगते.

वहिनीला आशीर्वाद. जिवाला जप, बाकी सगळं नंतर.
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं नाही तुझं. रविवारीच केलं. तराजू खराब आहे की बोट, अशा चिठ्ठ्याही घेतल्या. सगळ्यांना गंमत वाटली. मी स्वतः तराजू असं लिहिलं.

दर रविवारी येणाऱ्या बेकरीवाल्या बाईंनी बोट बुडवलं. पारडं खाली गेलं आणि काटा दगडासारखा स्थिर. मग मी बुडवलं. काटा नाचायला लागला. पुन्हा त्या, पुन्हा मी. ताई, माझ्याच दुकानात, माझ्याच तराजूने मला पकडलं. शंकेखोरांनी आयुष्यात पहिल्यांदा शंका काढली नाही. घंटा वाजवायची हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही.

डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट पंधरा दिवसांनी मिळेल. तुझी वहिनी रडून मोकळी झाली. मी तिला म्हटलं, अगं, हाही प्रयोगच समज. सोबतच्या बंद पाकिटात माझा अंदाज आहे. रिपोर्ट कळेपर्यंत फोडू नकोस, तुला माझी शपथ. तूही तुझा लिहून पाठव. रिपोर्ट रविवारीच उघडीन म्हणतो, सगळ्यांसमोर.

खरं सांगू? चिमट्याने बारीक वजनं उचलता येईनाशी झाली आहेत. कालपासून सोन्यारुप्याचे तराजू घेणं बंद केलं. हे हात गेले तर मी कोण उरतो गं?

माया आटू देऊ नकोस.
काटेवाला

२८ जानेवारी

चि. काटेवाल्यास,
आशीर्वाद.

पाकीट कपाटात ठेवलं आहे, फोडलेलं नाही. माझाही अंदाज बंद करून पाठवते आहे. लिहायला दोनच शब्द होते, पण चार दिवस लागले.

रिपोर्ट लोकांपुढे उघडू नकोस. मी येते, मग दोघं मिळून उघडू. गुडघ्याचं मी बघून घेईन.

जन्मभर माझे अंदाज बरोबर आले म्हणून मिरवत आले मी. या वेळी घंटा मला वाजवायला मिळू दे. एवढंच मागणं आहे, अजून काही नको.

सांभाळून राहा.
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या वहिनीचं, बडबड माझी. तुझी वाट पाहिली नाही, रागावू नकोस. अकरा वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या उघडल्या, स्वतःची पाळी आल्यावर शेपूट घालायचं का? मागच्या रविवारी उघडला रिपोर्ट. बेकरीवाल्या बाईंनी वाचून दाखवला. गोळ्यांनी कंप थोडा आवरेल, जाणार नाही. वाढत जाईल.

आता माझं पाकीट फोड. आत सापडेल, 'थंडीमुळे. महिन्याभरात बरा.' हसू नकोस हं. अंदाज म्हणजे इच्छा नव्हे, हे मी त्या बाकांवर ओरडून ओरडून सांगितलं. आणि स्वतःवर आली तेव्हा इच्छाच लिहिली, तीही वाकड्या अक्षरात.

तुझं पाकीट मग फोडलं. 'बाबांचा हात.' म्हणजे तुला माहीत होतं. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो, सुट्टीत चार दिवस यायचो. त्यांच्या सदऱ्याची बटणं तू लावायचीस. इतकी वर्षं कारकुनी केलेल्या माणसाने शेवटी कागदावर अंगठा उठवला, तोही तूच धरला होतास. माझी पत्रं वाचून तुला केव्हा कळलं गं? राग आला तुझा. मग वाटलं, तू तरी काय करणार होतीस?

तुझा बरोबर आला, म्हणजे घंटा माझी. नियम तो नियम, म्हणून उचलली. एकदाच वाजवायची होती, ताई. ती थांबेचना. आधी सगळे हसले, मीही हसलो. मग कोणी हसेना आणि घंटा आपली चालूच. खाली ठेवावी हेही मला सुचेना. शेवटी शंकेखोर उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

या रविवारी बाकं काढली. कोणी आलं नाही. बिचारे येणार तरी कुठल्या तोंडाने! बारापर्यंत बसलो, मग बाकं आत घेतली. दुकानाची पाटी उतरवायला माणूस सांगितलाय.

तू ये. लोभ कमीजास्त भरला तरी चालेल, आता मोजणारा राहिला नाही.
काटेवाला

ता. क. ती. वन्सं, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवणार नाही. घंटा त्यांनी घरी आणली आहे. रोज सकाळी हातात धरून बसतात, न वाजू देता धरायचा सराव म्हणे. मला ते ऐकवेना. काल मी आतला लोलक काढून डब्यात ठेवला. आज सकाळी घंटा उचलताच ते थबकले, एकदा आत पाहिलं. नेहमीसारखे धरून बसले. मग मला हाक मारून म्हणाले, बघ, आज नाही वाजली. मी हो म्हटलं. तुम्ही लवकर या.