भिंतीपलीकडच्या चार भाकरी

३ फेब्रुवारी १९८६, लातूर
आजपासून शेजारच्या केवळाबाईचा हेवा करायचा नाही. करत नव्हतेच, पण लिहून ठेवलेलं बरं. तिचा लिंबाजी नववी नापास, दुष्काळात पाण्याचा टँकर चालवतो. माझा नरसिंग बी.एस्सी., केमिस्ट्री. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत क्लार्क. जिल्हा केला तो अशाच पोरांसाठी.

९ फेब्रुवारी
लिंबाजीचा पगार नरसिंगपेक्षा जास्त, वर भत्ता. केवळाबाईनं न विचारता सांगितलं. मीही न विचारता सांगितलं की शिकलेल्याला कामात समाधान जास्त, पेपरात आलंय. पेपर साखरेच्या पुडीचा होता. पुढचं फाटलं होतं.

१० फेब्रुवारी
समाधान भाकरीवर मोजायचं ठरवलं. नरसिंग एक खातो. पलीकडं लिंबाजीसाठी चार थापल्याचा आवाज आला, मग त्याचं हसणं. हसण्याचं काही नाही. भिंत पातळ आहे.

३ मार्च
काम कसं चाललंय विचारलं. नरसिंग म्हणाला, "आई, दिवसभर टँकरच्या पावत्यांवर शिक्के मारायलोय. शिक्क्याला केमिस्ट्री लागत न्हाई."
मोठी माणसं स्वतःला कमीच लेखतात. दाराला पाटी करायला टाकली: नरसिंग शेषेराव, बी.एस्सी. हे जाऊन सहा वर्षं झाली. पाटीवर तरी बापलेक शेजारी येतील.

१६ मार्च
लिंबाजीच्या टँकरचं पाणी घ्यायचं नाही. लांबच्या बोअरवर जाईन.

१७ मार्च
बोअर आटलाय. समोरच्या पारूबाईच्या हाती हंडा देऊन टँकरला नंबर लावला. मी स्वतः गेले नाही, म्हणजे घेतलं असं होत नाही.

३० मार्च
नरसिंग रविवारीही सकाळीच बाहेर. जादा काम असणार. बढती जवळ आली. पाटी रंगवून आली. लाव म्हटलं, तर म्हणाला, राहू दे.

२१ मे
टँकर आला. चालवायला नरसिंग. कचेरी सोडून आठ दिवस झाले. रविवारी लिंबाजीच त्याला गाडी शिकवत होता. पाणी उकळून का प्यायचं ते नरसिंग बायांना समजावून सांगत होता. सगळ्या ऐकत होत्या. हसला, तेव्हा हुबेहूब ह्यांच्यासारखा दिसला.
केवळाबाई म्हणाली, "आता आपली पोरं सारखीच की वो."
मी म्हटलं, "सारखी कशी? आमचा बी.एस्सी. हाय."
संध्याकाळी चार भाकरी थापल्या, पलीकडं ऐकू जातील अशा. नरसिंग केवळाबाईकडंच जेवून आला. तीन खाल्ल्या म्हणे.
हंड्याचं झाकण सापडत नव्हतं. पाटी बरोबर बसली.