हनुवटीखाली की गालावर

सर, तुमच्यावर माझा अजून संशय आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

भोसरीतल्या खोलीत बसून मी आता मोबाइल गेमसाठी चित्रं काढते, टॅबलेटवर पेनने. या आठवड्यात एक तिरंदाज मुलगी काढायची होती. नेटवरच्या चित्रांवर माझा काडीचा विश्वास नाही. निम्म्या चित्रांत खांदा कानाला टेकलेला, आणि दोरी सुटली तर थेट कोपर सोलून काढेल अशी. मी दोरी ओढणाऱ्या हाताचं कोपर बाणाच्या रेषेत आणलं, खांदा खाली घेतला, धनुष्य धरलेली बोटं सैल केली. ओढलेला हात चेहऱ्यावर कुठे टेकवायचा, इथे मात्र पेन अडलं. तुमच्यामुळेच.

तिरंदाजीची निवड चाचणी आठ दिवसांवर आली आणि तुम्ही माझी हात टेकवायची जागा बदललीत. महाळुंग्यात शाळेमागचं मैदान, रविवार, तुम्ही वर्कशॉपच्या कपड्यांतच उभे आहात. "गालावर न्हाई पोरी, हनुवटीखाली. गालावर रोज येगळ्या जागी पडतोय हात तुजा." मी म्हणते, "सर, आता कशाला? सवय बसलीय ना." "बसलीय, पर चुकीची बसलीय." तुमची भाची शेजारीच बाण मारत होती, तिचं काहीच बदललं नाहीत. यात काहीतरी आहे, हे मी तेव्हाच मनात धरलं. चाचणीच्या सकाळी तुम्ही माझ्या दोरीला निळी शाई लावलीत, वर्कशॉपमध्ये दोन भाग एकमेकांना नीट टेकतात का ते बघायला लावतात ती. दोरी कुठे टेकली ते चेहराच सांगेल, म्हणालात. मला तीही खोडच वाटली. भाची निवडली गेली, मी नाही. रागारागाने तोंड धुतलं आणि घरी सांगितलं, सरांचं ऐकलं आणि वाटोळं झालं. पुढे भेटेल त्याला हेच सांगत आले.

परवा चित्रासाठी त्या दिवशीचा फोटो भावाकडून मोबाइलवर मागवला. शेवटचा बाण मारल्यावर त्यानेच काढलेला. मी तोंड फुगवून उभी आहे. मोठा करून बघितला तर निळी रेघ गालावर. हनुवटी स्वच्छ. सावली असेल म्हणून त्या जागेचा रंग उचलून तपासला. निळाच. भावाला फोन लावला, "तू यावर काही केलंयस का?" "ताई, मला साधा डीपी बदलता येत नाही," तो म्हणाला.

घाबरून हात जुन्या जागी गेला होता, सर, आणि मला कळलंसुद्धा नाही. फार लाज वाटली. चित्रातल्या मुलीचा हात मी हनुवटीखाली टेकवला. तुमच्या भाचीचा हात पहिल्यापासून बरोबरच पडत असेल, हे म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा मी चाकणला कंपनीत होते. निरोप वेळेवर मिळाला होता. शिफ्ट आहे, यायला जमणार नाही, असं मी तुमच्या भाचीला कळवलं. त्या दिवशी मला सुट्टी होती.